मिस्टर ब्रेननची शिडी

९ मार्च २०२१, मंगळवार

आज रक्ताची एक नळी काढली. तिला खरा खर्च किती आला ते लिहून ठेवतो. चष्म्याची उजवी काडी. दवाखान्यातलं एक प्लास्टिकचं स्टूल. पँटचा गुडघा. नर्सच्या जेवणाचा अर्धा तास आणि तिच्या डब्यातली दोन बिस्किटं, जी तिने मला जमिनीवर बसवून खाऊ घातली. एवढं करून नळी भरलीच नाही. म्हणजे हा सगळा खर्च पाव नळीचा.

बायको प्रमोदिनी बाहेर गाडीत बसली होती. सोबतच्या माणसाला हल्ली आत सोडत नाहीत, हा करोनाचा मला दिसलेला एकमेव फायदा. तिला सांगितलं, फरशी ओली होती, पाय घसरला.

"भर दुपारी फरशी पुसतात काहून इथे?"

"पुसतात."

तिला पटलं.

१० मार्च

ही वही जावयांनी दिली. "बाबा, लिहीत जा. वेळ बरा जातो," म्हणाले. उद्या कोणाच्या हातात पडली तर म्हणून आधी मी कोण ते लिहितो. नंदकुमार, वय त्रेसष्ट. नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे, जळालेल्या मोटरी पुन्हा बांधून देतो. चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारायला लागलो, आज माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. मोटर उघडायच्या आधी कानाने सांगतो काय बिघडलंय. या घरातल्या फ्रिजचा पंखा घासतो आहे, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आयर्लंडला लेकीकडे आलो. विमानं थांबली. तेरा महिने झाले. लेक भार्गवी घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. जावई विक्रांतराव पोर्टलीशच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत, रोज जाऊन येतात. माणूस मोठा सभ्य. मी त्यांना अहो-जाहो करतो, ते मला. त्यामुळे आमच्यात आजवर एकही महत्त्वाचं बोलणं झालेलं नाही.

भार्गवीला जूनमध्ये बाळ होणार आहे. तिने फ्रिजवर कागद लावलाय: "लस नाही, बाळ नाही." म्हणजे ज्याने करोनाची लस घेतली नाही त्याने बाळाला हात लावायचा नाही. विक्रांतरावांनी हॉस्पिटलात वर्षभर जे पाहिलं त्यानंतर ती ऐकणार नाही. नियम चांगला आहे. माझ्या वयाची पाळी यायला अजून वेळ आहे.

१४ मार्च, रविवार

मलिंगारच्या चित्राताई दर रविवारी झूमवर इथल्या मराठी लोकांना प्राणायाम शिकवतात. आज खास लक्ष देऊन केला. "अंग ओल्या टॉवेलसारखं सैल सोडा, भीती आपोआप उतरते," म्हणाल्या. भार्गवीला गरोदरपणातली साखर निघाली आहे, दिवसातून चार वेळा बोटाला सुई टोचून बघते. छोटं पेनासारखं यंत्र आहे, स्प्रिंगचं. टक् असा आवाज येतो. तो आवाज आला की मी गेले दोन आठवडे बागेत जातो. आज ठरवलं, जायचं नाही. स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसलो, अंग टॉवेलसारखं सोडलं, खोल श्वास घेतला.

टॉवेलसारखाच खाली आलो.

"बाबा!" भार्गवी ओरडली.

"डोळा लागला," मी म्हणालो. "प्राणायाम फार चांगला शिकवतात चित्राताई."

प्रमोदिनीने पाणी दिलं. विक्रांतराव दारात उभे होते. त्यांनी माझी नाडी बघितली, पण सहज, हात धरून उठवताना. कोणाला शंका आलेली नाही.

१५ मार्च

आज संध्याकाळी विक्रांतराव माझ्याजवळ येऊन बसले. असं ते कधी बसत नाहीत. म्हणाले, "बाबा, तुमचा सल्ला हवा होता. माझा एक पेशंट आहे, मिस्टर ब्रेनन. साठीचा. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस. पण सुई बघितली की पडतो. मला त्याला समजावता येत नाही. माझी भाषा डॉक्टरी. तुम्ही अकरा माणसांना काम शिकवता."

मी म्हटलं, बिचारा. आजार तरी काय आहे त्याला?

"आजार नाही. बाकीच्या भीतीत माणसाचा रक्तदाब चढतो, छाती धडधडते, तो पळतो. या भीतीत आधी चढतो आणि मग एकदम पडतो. दाब पडला की माणूस पडला."

"म्हणजे व्होल्टेज पडतं."

"अगदी बरोबर! आणि सगळे त्याला काय सांगतात? रिलॅक्स. खोल श्वास घ्या. सैल सोडा."

"अजी, काहीतरीच! लाइनीत व्होल्टेज पडत असताना आणखी सैल सोडलं तर मोटर बसणारच की."

"मग काय करायला हवं?"

"दाब वाढवायचा."

विक्रांतराव हसले आणि त्यांनी पद्धत सांगितली. दंड, पोट, मांड्या, सगळे स्नायू घट्ट आवळायचे, चेहरा गरम होईपर्यंत, दहा-पंधरा सेकंद. मग सोडायचं, पण टॉवेलसारखं नाही, नेहमीसारखं. अर्धा मिनिट थांबून पुन्हा. पाच वेळा. "हे त्याला कसं सांगू?"

मी सांगितलं, आधी मी करून बघतो. जे आपण केलं नाही ते दुसऱ्याला शिकवता येत नाही.

१९ मार्च

ब्रेननसाठी सराव चालू. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. प्रमोदिनीने विचारलं, "दात काहून खाता?" म्हटलं, व्यायाम आहे.

२२ मार्च

माझे कान अजून शाबूत आहेत. आज जेवणानंतर भिंतीपलीकडून ऐकलं.

भार्गवी: "सरळ सांगून टाक ना एकदाचं."

विक्रांतराव: "सरळ सांगितलं तर त्याच दिवशी सगळं बंद पडेल. जुनं काम आहे, हळूहळूच सोडवावं लागेल."

प्रमोदिनी: "मी चाळीस वर्षं तेच तर करते आहे."

वॉशिंग मशीनबद्दल बोलत होते, उघड आहे. माझं मत न घेता नवीन आणणार. मी दुपारीच मागचं झाकण उघडलं. बेल्ट सैल होता, तो ताणला. आतून एक मोजा निघाला. आता दहा वर्षं बघायला नको. सगळ्यांना बोलावून दाखवलं. तिघं एकमेकांकडे बघत राहिली. बहुतेक लाज वाटली.

२५ मार्च

विक्रांतरावांनी आज शिडी समजावली. भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे. सगळ्यात कमी मार्कांची गोष्ट पहिली पायरी, मग पुढची. एका पायरीवर मार्क अर्ध्यावर येईपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. पळालं की भीतीला वाटतं तीच बरोबर होती. मी ब्रेननची शिडी बनवली:

सुईचं चित्र, वीस मार्क. बंद पाकिटातली सुई हातात धरणं, चाळीस. टक् आवाज ऐकत जागेवर बसणं, पन्नास. टोचताना बघणं, सत्तर. स्वतःच्या बोटाला टोचून घेणं, पंच्याऐंशी. लस, शंभर.

"इतके नेमके मार्क कसे काढलेत, बाबा?"

"अंदाज," मी म्हणालो. "धंद्यात अंदाज लागतोच."

२८ मार्च

विक्रांतरावांनी बंद पाकिटातली एक सुई आणून दिली, नमुना म्हणून. ब्रेननला ती खिशात ठेवायला सांगायचं की नाही, हे ठरवायचं आहे. मी ठेवून बघितली. पहिल्या तासाला चाळीस मार्क. चहाच्या वेळेला तीस. संध्याकाळी विसरलो आणि प्रमोदिनीने शर्ट धुवायला घेतला.

"ही काय?"

"ब्रेननची."

"बरं," म्हणाली आणि टेबलावर ठेवून दिली. कोण ब्रेनन, हेही विचारलं नाही. तिला बाहेरच्या गोष्टींत रसच नाही.

२ एप्रिल

आज विक्रांतरावांना सुट्टी. म्हणाले, भीती म्हणजे नुसती सुई नसते. तिच्यामागे एक वाक्य असतं. ते कागदावर लिहायचं आणि पुरावा मागायचा, कोर्टात मागतात तसा. "ब्रेननच्या डोक्यात कुठलं वाक्य येत असेल?"

"मला काय माहीत."

"अंदाज, बाबा."

मग म्हणालो, "त्याला वाटत असेल, आपण पडलो आणि हाताखालच्या माणसांनी पाहिलं. मग सोमवारी त्यांना रागवायचं कोणत्या तोंडाने?"

विक्रांतराव लिहून घेत होते. "तुम्ही कधी पडलेला मालक पाहिलाय?"

पाहिलाय. माझे पहिले मालक बाळासाहेब. मी सोळा वर्षांचा होतो. त्यांना शॉक लागला आणि ते सगळ्यांसमोर ऑइलच्या डब्यात बसले. आम्ही चौघांनी उचलून खाटेवर नेलं. लहान मुलासारखे कण्हत होते.

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास लवकर आलो."

"हसलं कोणी?"

"हसायचं काय त्यात? चांगला माणूस होता."

विक्रांतरावांनी कागद माझ्याकडे सरकवला. मला लिहावं लागलं: ब्रेननचा पुरावा कच्चा आहे.

७ एप्रिल

भार्गवी म्हणाली, "बाबा, एका हाताने जमत नाही हो. तुम्ही दाबता का बटण?" इतके दिवस जमत होतं. पोट वाढलं की हातही जड होत असतील.

आधी पाच वेळा अंग आवळलं. मग तिचं बोट धरलं. बटण दाबलं. टक्. रक्ताचा थेंब मसुराच्या डाळीएवढा. बघितला. सत्तर मार्क होते ते जेवण होईपर्यंत चाळीसवर आले.

तिचं बोट इतक्या जवळून मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना. नखं माझ्यासारखी आहेत.

१३ एप्रिल, पाडवा

गुढी बागेत उभारली. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "लव्हली!" साखरेची गाठी मिळाली नाही, भार्गवीला चालणारही नव्हती. जेवताना गप्पा निघाल्या. प्रमोदिनी जावयांना सांगत होती, "ही झाली तेव्हा हे वर्ध्याला होते. मोटर बघायला. आठ दिवस."

"मिलची मोटर होती," मी म्हणालो.

"हो ना, अख्ख्या मिलची! मी सलाइन लावून पडले होते आणि हे मिल चालवत होते."

सगळे हसले. मीही हसलो.

ही वही माझी आहे म्हणून लिहितो. त्या मोटरीला दीड दिवस लागला. उरलेले साडेसहा दिवस मी वर्ध्यालाच लॉजवर होतो. मोटर चालू होती. हॉस्पिटलच्या दारापर्यंत पहिल्याच दिवशी गेलो होतो. आत पलंगाशेजारी बाटली लटकलेली दिसली आणि तिथूनच स्टँडवर आलो. लेकीला पहिल्यांदा हातात घेतलं ते नवव्या दिवशी.

ब्रेननला मुलं किती, विचारलं पाहिजे.

२४ एप्रिल

विक्रांतरावांनी फोन लावून माझी आणि प्रमोदिनीची लसीची नोंदणी केली. मी फोनजवळच उभा होतो. स्वतःच्या बोटाला तीन दिवसांपूर्वी टोचलं, साखर एकशे चार निघाली. आता रोज टोचतो. भार्गवी म्हणते, बाबा, पट्ट्या महाग असतात, पुरे.

ब्रेननचं कसं चाललंय विचारलं. "ग्रँड, बाबा. तुमच्या दोन पायऱ्या मागे आहे, पण चढतोय." इथे सगळं ठीक असलं की ग्रँड म्हणतात.

मुलं किती? "एक मुलगी," म्हणाले.

७ मे, शुक्रवार

एका हॉटेलच्या हॉलमध्ये लस होती. लग्नाचा हॉल असावा, छताला झुंबरं. खुर्च्या लांब लांब. प्रमोदिनीचं आधी झालं. ती पलीकडे जाऊन बसली आणि माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

इथे एक अडचण होती, जी मी घरीच सोडवून ठेवली होती. टोचायचा हात सैल पाहिजे आणि बाकी माणूस घट्ट. डावा दंड सोडून सगळं आवळायचं. याला मला आठ दिवस लागले. मोटर तीनपैकी एक फेज तोडून चालवण्यासारखं आहे, पण माणसात जमतं.

नर्स म्हणाली, "आता मस्त रिलॅक्स हं."

मी अंग आवळलं.

"तुम्ही बरे आहात ना? फार लाल झालात."

"आय ॲम ग्रँड."

झालं. पंधरा मिनिटं बसवलं. मी बसलो. उठलो. स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत आलो. प्रमोदिनीचा हात धरला होता तो रस्ता ओलांडायचा होता म्हणून.

तारीख घालून लिहितो: नंदकुमार यांची सुईची आणि रक्ताची भीती आज कायमची संपली. आता समोर ऑपरेशन झालं तरी मी चहा पीत बसेन. त्रेसष्ट वर्षांचं काम दोन महिन्यांत, कोणाच्याही मदतीशिवाय आणि घरात कोणाला पत्ता लागू न देता. विक्रांतरावांना सांगितलं, ब्रेननला कळवा की पद्धत पक्की आहे.

"त्याचंही आजच झालं, बाबा," ते म्हणाले. त्यांनी रुमालाने नाक पुसलं. गवताची ॲलर्जी असते इथे मे महिन्यात.

४ जून

मुलगी. दोघी खुशाल. फोनवर रडताना ऐकलं. आवाज स्वच्छ, कुठे घासत नाही.

६ जून, रविवार

घरी आणली. भार्गवी आत आली, आधी फ्रिजपाशी गेली, कागद काढला आणि चुरगळून कचऱ्यात टाकला. मग म्हणाली, "बसा बाबा."

बसलो. दिली. वजन आमच्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीहून खूपच कमी. जन्माचा तिसरा दिवस चालू आहे. मी इथेच होतो.

भीतीला मार्क द्यायचे राहिले.

८ जून, मंगळवार

सकाळी अकराला सरकारी नर्स घरी आली. नवीन बाळाच्या टाचेतून रक्त घेतात इथे, कागदावरचे चार गोल भरायचे असतात. विक्रांतराव पोर्टलीशला. भार्गवी वर झोपलेली. प्रमोदिनीचे दोन्ही हात कोपरापर्यंत डिंकाच्या लाडवात.

"बाळाला कोण धरतंय?" नर्सने विचारलं.

"मी," म्हणालो.

"चालेल ना तुम्हाला? काही जणांना त्रास होतो."

प्रमोदिनी आतून मराठीत म्हणाली, "थांबा, हात धुते मी."

"काही गरज नाही," मी म्हणालो. "मला यातलं कळतं."

सोफ्यावर बसलो. बाळ छातीशी, पाय खाली सोडलेला. नर्सने टाच पुसली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की शिडीत ही पायरी नव्हती. हात आवळता येईनात, हातांत बाळ होतं. पोट आवळावं तर त्यावरही बाळच. उरल्या मांड्या. मांड्या आवळल्या. टक्. ती रडली. पहिला गोल भरला. थेंब हळू येत होते. दुसरा गोल. कानात मोठ्या पंख्यासारखी घरघर सुरू झाली, ती बाहेर कुठेच नव्हती. तिसरा. मी तिच्या डोक्याकडे बघत राहिलो आणि मांड्या सोडल्या नाहीत. चौथा.

"शाब्बास! दोघांनाही," नर्स म्हणाली आणि टाचेवर कापूस धरला.

प्रमोदिनी हात धुऊन समोर उभीच होती. मी म्हणालो, "घे. मान धर." तिने घेतली. मान नीट धरली आहे का ते मी बघितलं. नंतर उभा राहिलो, ते राहायला नको होतं.

डोळे उघडले तेव्हा पायाखाली दोन उशा होत्या आणि प्रमोदिनी बाळाला खांद्यावर घेऊन वरून बघत होती.

"उठू नका इतक्यात, ब्रेननसाहेब," ती म्हणाली.

तिला ब्रेननबद्दल इतकं कसं माहीत, ते विचारायचं राहिलं, कारण तिने एका हाताने माझ्या तोंडात लाडू घातला होता.

नर्सने जाताना वेळा लिहून घेतल्या. बाळ दोन मिनिटं रडलं. मी सहा मिनिटं आडवा होतो.